जुनी चीर

माझ्या भाच्याला वास येत नाही. ऑक्टोबर २०१९ पासून येत नाही, आणि आता येईल अशी आशा डॉक्टरांनीही ठेवलेली नाही. तो निपाणीत तंबाखूच्या वखारीत कामाला होता. चिमूटभर माल तळहातावर घ्यायचा, अंगठ्याने चोळायचा, नाकाजवळ न्यायचा, आणि तंबाखू काळ्या रानातला की माळावरचा, नीट वाळलाय की आत ओल राहिली आहे, हे सांगायचं. विडीच्या तंबाखूची अशी पारख करणारी माणसं निपाणीत पिढ्यान् पिढ्या आहेत. चोविसाव्या वर्षीच वखारीतली जुनी माणसं याच्या नाकावर विश्वास ठेवायला लागली होती. ते नाक गेलं त्याच्या कारणांमध्ये मी आहे. आमच्या रविवारच्या गाडीवाल्यांना हे मी तोंडी पुष्कळदा सांगितलं. आता लिहून ठेवतो.

आधी माझं काम सांगायला हवं, कारण माझी चूक त्या कामामुळे जास्त मोठी ठरते.

मी बेळगावात उद्यमबागेतल्या एका कारखान्यात क्रँकशाफ्ट तपासतो. टर्निंग, ग्राइंडिंग सगळं होऊन आलेला शाफ्ट शेवटी आमच्या अंधाऱ्या खोलीत येतो. त्यातून वीज सोडून त्याला चुंबक करतात, वरून लोखंडाची बारीक चमकणारी पूड मिसळलेलं पातळ तेल सोडतात आणि जांभळा दिवा लावतात. कुठे चीर असेल तर तिथे पूड गोळा होते आणि पोपटी रेघ पेटल्यासारखी दिसते. शॉपमध्ये आम्ही याला मॅग्नाफ्लक्स म्हणतो. तोच शाफ्ट बाहेर उजेडात आणा, आरशासारखा चकचकीत दिसेल, नख फिरवलं तरी काही लागणार नाही. पण रेघ दिसली की तो रिजेक्ट. त्यावर लाल रंग मारायचा आणि गॅसने दोन तुकडे करायचे. तुकडे न करता भंगारात टाकलेला शाफ्ट कुठून तरी फिरून कुणाच्या तरी इंजिनात जाऊन बसतो, हे आम्हाला पहिल्याच आठवड्यात शिकवतात. तुटून परत आलेला शाफ्ट असेल तर तुटलेल्या तोंडाचा रंग बघायचा. जुनी चीर काळसर असते, तिच्यात तेल मुरलेलं असतं. ताजी तुटलेली जागा पांढरी, दाणेदार असते. चीर आधीची की नंतरची, हे रंग सांगतो.

२०१७ साली हे काम करून मला अठरा वर्षं झाली होती. त्या दसऱ्याला मी बुलेट घेतली.

वडिलांची येझदी होती, म्हैसूरच्या कारखान्यातली. तो कारखाना १९९६ साली बंद पडला तरी निपाणीत ती गाडी पुढे कितीतरी वर्षं धावली. किक मारायचा आणि गिअर टाकायचा दांडा एकच, हे ज्यांनी ती चालवली त्यांना आठवत असेल. गाडी काढायच्या आधी वडील तिच्याभोवती एक फेरी मारायचे. पायाने दोन्ही टायर दाबायचे, अंगठ्याने साखळी वरखाली करायचे, दोन्ही ब्रेक एकदा ओढून बघायचे आणि मग किक. मला ती म्हाताऱ्या माणसाची सवय वाटायची. मी बुलेट घेतली तेव्हा ती सवय घेतली नाही.

गाडी कागल तालुक्यातली, २०११ ची, नंबर एमएच ०९. चालली होती फक्त अकरा हजार किलोमीटर, बाकी काळ गोठ्याशेजारच्या शेडमध्ये उभी. रंग नवा, टायरची नक्षी खोल. विकणाऱ्याने आरसी बुक दिलं, फॉर्म २९ आणि ३० वर सह्या दिल्या आणि म्हणाला, “एनओसीचं बघू निवांत, दोन्हीकडं आपलीच माणसं हायत.” सीमेवरच्या माणसाला हे वाक्य फार गोड लागतं. सोयरीक कागलची, शेत निपाणीचं, नोकरी बेळगावची, मग मध्ये कसली आली हद्द! खरं, आरटीओच्या लेखी हद्द आहेच. महाराष्ट्रातली गाडी कर्नाटकात नावावर करायची तर कोल्हापूरहून फॉर्म २८ चं ना-हरकत पत्र लागतं आणि इथे आजीवन कर भरावा लागतो. शिवाय आरसीवर एका पतसंस्थेचा बोजा होता, तो उतरवल्याचा फॉर्म ३५ कुणाकडेच नव्हता. मी आरसी बुक उघडून पाहिलं होतं. ती ओळ वाचलीही होती. रंगाकडे बघत बघत वाचली होती.

पुढे मूळ मालक वारले आणि कागद आणखी अडकले. मी जवळजवळ तीन वर्षं एका मृत माणसाच्या नावाची गाडी चालवत होतो. विमाही त्यांच्याच नावाचा. गाडी घेतल्यावर १४ दिवसांत विमा आपल्या नावावर करून घ्यायचा असतो, नाहीतर आपल्या गाडीच्या नुकसानीचा पैसा मागायला आपण उभेच राहू शकत नाही, हे मला पडल्यानंतर कळलं. आणि आपल्या भागात पाटीवरच्या दोन अक्षरांना इतरत्र नसतो तो अर्थ असतो. डिसेंबर २०२२ मध्ये हिरेबागेवाडीजवळ महाराष्ट्राच्या नंबरच्या ट्रकांवर दगड पडले, ते सगळ्यांनी पाहिलं. अशा दिवसांत रस्त्यावर कुणी अडवलं तर निदान कागद तरी सरळ असावेत. माझे सरळ व्हायला वारसांच्या पाया पडावं लागलं, कोल्हापूरच्या सात खेपा झाल्या. आता पाटीवर केए २२ आहे.

पहिल्या सहा महिन्यांत मी गाडीवर जो खर्च केला त्याचा हिशेब वहीत आहे. सायलेन्सर, पितळी क्रॅश गार्ड, टाकीवर पट्टे, सीट, समोर दोन जादा दिवे. सायलेन्सर एकट्याच्या किमतीत पुढचा आणि मागचा दोन्ही टायर आले असते. त्या आवाजाने गल्लीतल्या म्हाताऱ्या माणसांची झोप मी मोडली. पुढे इस्पितळाच्या व्हरांड्यात बसलो असताना बाहेरून तसाच आवाज गेला की आतला भाचा दचकायचा. तो सायलेन्सर मी काढला आणि विकलाही नाही.

आमचा गट वीस-बावीस जणांचा. नाव नाही, बॅनर नाही. रविवारी पहाटे साडेपाचला आरपीडी कॉर्नरला जमायचं आणि आंबोली, चोर्ला, दांडेली, नाहीतर नुसतं निपाणीपर्यंत जाऊन यायचं. वकील, दूधवाला, दोन शिक्षक, सैन्यातून निवृत्त झालेले एक सुभेदार, बाकी उद्यमबागेतले आम्ही. मी कारखान्यातला, मायक्रोमीटर हाताळणारा, म्हणून गाडीचं काही विचारायचं झालं की सगळे माझ्याकडे बघायचे. मला ते आवडायचं. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर येत नसलं तरी मी द्यायचो. माझ्या चुकांतली सर्वांत घातक चूक कदाचित हीच असेल, कारण तिची फळं दुसऱ्यांनी भोगली.

तेलाचं उदाहरण सांगतो. कारखान्यातल्या एका गाडीसाठी आणलेलं मोटारकारचं महागडं सिंथेटिक तेल उरलं होतं. महाग म्हणजे चांगलं, असं धरून ते मी बुलेटमध्ये ओतलं, आणि गटातल्या तिघांना तसंच करायला सांगितलं. कारच्या इंजिनातलं तेल क्लचला लागत नाही. मोटरसायकलीत बहुधा क्लचच्या प्लेटा त्याच तेलात बुडालेल्या असतात. कारच्या पुष्कळ तेलांत घर्षण कमी करणारी रसायनं असतात. ती इंजिनाला चांगली, पण क्लचची पकडच घर्षणावर चालते. म्हणून मोटरसायकलीच्या तेलाच्या डब्यावर जासो एमए किंवा एमए२ असं लिहिलेलं बघून घ्यायचं असतं. ती अक्षरं मी पूर्वी वाचली होती, अर्थ कधी शोधला नव्हता.

फेब्रुवारी २०१८ मध्ये भाच्याला निपाणीहून मागे बसवून बेळगावला आणत होतो. तवंदी घाट चढायला लागलो तर इंजिनाचा आवाज वाढतोय आणि गाडी पुढे जात नाही. मी आणखी पिळली. मागून भाचा म्हणाला, “मामा, काहीतरी जळायलंय. प्लेटा असणार.” मला काहीच वास आला नव्हता. मागून ट्रक घुंघुं करत येत होते, आणि त्या उतारचढावावर किती अपघात झाले आहेत ते निपाणीकरांना सांगायला नको. मी बाजूला घेतली. झाकण उघडल्यावर मलाही वास आला, जळक्या बुचासारखा. तेव्हा मी त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणालो होतो, “नाक आहे का काय रे हे तुझं!” हे वाक्य मला रात्री झोपताना आठवतं.

आता टायर. जून २०१८, मिरगाचा पहिला पाऊस झालेला. चौदा गाड्या आंबोलीला निघालेल्या. हिंडलगा सोडून बाचीच्या पुढे, शिनोळीची हद्द यायच्या आधी एक उजवं वळण आहे. वेग पन्नासच्या आसपास. समोर म्हैस आली, मी पुढचा ब्रेक धरला आणि पुढचं चाक साबणावरून गेल्यासारखं सरकलं. मी उजव्या अंगावर पडलो. अंगठा मोडला, कोपर सोलवटलं, हेल्मेट डांबरावर आपटून थोडं घासत गेलं. डोक्याला काही झालं नाही. म्हशीलाही नाही.

गाडी हिंडलग्याला ढकलत आणली. पंक्चर काढणाऱ्या पोराने टायरवर बोट ठेवलं. चार आकडे होते, २८११. म्हणजे २०११ सालातला अठ्ठाविसावा आठवडा. सात वर्षांचा टायर. नक्षी खोल होती कारण गाडी चाललीच नव्हती. रबर मात्र शेडमध्ये उभ्या उभ्या म्हातारं झालं होतं, कडेला बारीक तडे होते, नखाने दाबून बघितलं तर दबत नव्हतं. कोरड्या रस्त्यावर कळत नाही. पहिल्या पावसात, डांबरावर आठ महिन्यांचं तेल आणि धूळ भिजून चिखल झालेला असतो तेव्हा कळतं. मी क्रँकशाफ्टवरचा हीट नंबर वाचल्याशिवाय हातात धरत नाही. टायरवरचा आकडा नऊ महिने माझ्या डोळ्यांसमोर फिरत होता.

त्या दिवशी रस्त्याच्या कडेला सुभेदारांनी मला एकच प्रश्न विचारला, “हेल्मेट आपटलं काय?” मी म्हणालो, “थोडं घासलं हो.” ते म्हणाले, “मग ते आता टाका.” मी मान डोलावली.

टाकलं नाही. चार हजार आठशे रुपयांचं हेल्मेट, आठ महिन्यांचं, आयएसआयच्या शिक्क्याचं. आमच्या घरात वस्तू टाकत नाहीत. फाटलेल्या धोतराचं फडकं होतं, फुटलेल्या माठात तुळस लावतात. मी ते खोलीत आणलं, दिव्याखाली फिरवून पाहिलं. उजव्या कानाच्या वर तळहाताएवढा ओरखडा, बाकी काही नाही. आतली गादी जशीच्या तशी. दाबून बघितलं, ठोकून आवाज ऐकला. उजेडात, डोळ्यांनी, हातांनी. अठरा वर्षं जी तपासणी मी दुसऱ्यांना पुरेशी नाही म्हणून सांगत आलो, ती मला त्या दिवशी पुरेशी वाटली. गॅरेजमधून थिनर मारून, पुट्टी लावून, वर काळा रंग मारून आणला. हेल्मेटचं कवच नुसतं थिनरनेही कमजोर होऊ शकतं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मी माझ्यासाठी नवं घेतलं. कारण विचारलं असतं तर म्हणालो असतो, रंग नीट जुळला नाही म्हणून. खरं कारण हे की ते घालताना मला पडल्याची आठवण यायची. म्हणजे मनात कुठेतरी शंका होती.

दिवाळीला भाचा आला. खुंटीवर टांगलेलं दिसलं. “मामा, हे मी नेऊ काय?” त्याच्याकडे तोवर रस्त्याकडेला मिळणारी अर्धी टोपी होती, दंड चुकवण्यापुरती. मी म्हणालो, “ने की. त्या टोपीपेक्षा शंभर पटीनं बरं.” पडलेलं आहे हे सांगितलं नाही. लपवलं असंही त्या वेळी वाटलं नाही. मामाने भाच्याला भारी वस्तू दिली, एवढाच आनंद होता.

२०१९ चं वर्ष निपाणीला पुराचं. ऑगस्टमध्ये वेदगंगेचं पाणी यमगर्णीजवळ महामार्गावर आलं आणि पुणे-बंगळूर वाहतूक दिवसच्या दिवस थांबली. पुरातून जे सोयाबीन वाचलं ते काढायच्या वेळी ऑक्टोबरात पुन्हा पाऊस. दोन दिवस ऊन पडलं की शेतकरी मिळेल त्या कोरड्या जागेवर दाणे पसरायचे, आणि गावात डांबरी रस्त्याइतकी कोरडी, तापलेली जागा दुसरी नसते. वर्षाची कमाई कुजताना बघणाऱ्या माणसाला मी दोष देत नाही, भाच्यानेही दिला नाही. अक्कोळच्या रस्त्यावर संध्याकाळी तो वखारीतून घरी निघाला होता. सूर्य समोर. सोयाबीनचा पट्टा दिसला तेव्हा तो त्याच्यावरच होता. सोयाबीनचा दाणा म्हणजे बेअरिंगमधला छर्रा. चाक गेलं. वेग चाळीस असेल. डोकं उजव्या बाजूने साकवाच्या कठड्याला लागलं. पट्टा लावलेला होता, हेल्मेट डोक्यावरच राहिलं.

बेळगावच्या इस्पितळात नऊ दिवस अतिदक्षता विभागात होता. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मला फिल्म दाखवायला आत नेलं. भिंतीवरच्या पांढऱ्या दिव्यावर त्यांनी ती लावली आणि पेनाच्या टोकाने दाखवलं. कपाळाच्या मागे, कवटीच्या तळाला, केसासारखी बारीक रेघ. त्यांनी समजावून सांगितलं. नाकाच्या वर चाळणीसारखी एक पातळ हाडाची पाटी असते, तिच्या भोकांतून वासाचे तंतू मेंदूकडे जातात. मेंदू झटक्याने हलला किंवा तिथे चीर गेली की ते तंतू तुटतात. पुढे पुष्कळ बोलले ते मला ऐकू आलं नाही. मी त्या रेघेकडे बघत उभा होतो. दिवसाला दीडशे शाफ्ट बघतो मी. अशी रेघ ओळखायला मला पेनाचं टोक लागत नाही.

हेल्मेट पोलिसांनी पंचनाम्यानंतर परत दिलं होतं. भाचा घरी गेल्यावर, डिसेंबरमध्ये, एका रविवारी मी ते कारखान्यात नेलं आणि बेंचवर धरून हॅकसॉने मधोमध कापलं.

कवचाच्या आत थर्मोकोलसारखा पांढरा जाड थर असतो. डोकं वाचवतो तो थर. कवच आपटतं, थर चेंगरतो, आणि चेंगरताना झटका खातो. एकदा चेंगरला की तो स्पंजसारखा परत फुगत नाही. डाव्या बाजूला व्हर्नियरने मोजला तर ३१ मिलिमीटर भरला, उजव्या बाजूला कानाच्या वर १९. यातलं माझ्या पडण्याचं किती आणि त्याच्या पडण्याचं किती, हे थर सांगत नव्हता. मग मी कवचाच्या फुटलेल्या कडा भिंगाखाली धरल्या. कठड्याला लागून फुटलेली जागा पांढरी होती, ताजी. तिच्या शेजारी बोटभर लांबीची दुसरी चीर होती, आणि तिच्या दोन्ही ओठांच्या आत काळा रंग गेलेला होता. तोच काळा रंग, जो मी गॅरेजमध्ये मारून घेतला होता. रंग आत गेला म्हणजे रंगाच्या आधी चीर होती. नव्या पोरांना जे शिकवतो तेच मी स्वतःच्या हातात धरून बसलो होतो.

चांगलं हेल्मेट असतं तर त्याचं नाक वाचलं असतं का, हे मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, “वाचलं असतं असं मी लिहून देणार नाही. पण तुम्ही मला कशाला विचारता ते समजलं.” मी त्यांच्या पहिल्या वाक्याचा आधार घेतलेला नाही.

इस्पितळातल्या रात्री मी बरंच वाचलं. लॉरेन्स ऑफ अरेबिया म्हणून जो इंग्रज अधिकारी प्रसिद्ध आहे, तो १९३५ साली मोटरसायकलवरून पडून डोक्याला मार लागून सहा दिवसांनी गेला. त्याच्या उपचारासाठी बोलावलेल्यांत ह्यू केर्न्स नावाचे तरुण मेंदूशल्यविशारद होते. पुढे युद्धात त्यांनी निरोप पोचवणाऱ्या मोटरसायकलस्वार सैनिकांच्या डोक्याच्या जखमांचा अभ्यास १९४१ साली छापला, आणि ब्रिटिश सैन्याने त्या स्वारांना हेल्मेट सक्तीचं केलं. आतला चेंगरणारा थर आला तो आणखी पुढे, अमेरिकेत लोम्बार्ड नावाच्या संशोधकाच्या १९५३ च्या पेटंटमधून. सुभेदार सैन्यात असताना काही वर्षं निरोप्याचीच मोटरसायकल चालवत होते. त्यांना हे मी वाचून दाखवलं. ते म्हणाले, “मला हे काही माहीत नव्हतं. मला फक्त एवढंच शिकवलं होतं, आपटलं की टाक.” एवढंच त्यांनी बाचीच्या वळणावर मला सांगितलं होतं.

अक्काला मी दोन महिने काही सांगितलं नाही. ती इस्पितळात सगळ्यांना सांगायची, “मामानं दिलेलं हेल्मेट होतं म्हणून पोरगं वाचलं.” मी ऐकून घ्यायचो. हेल्मेट कापलं त्याच संध्याकाळी निपाणीला गेलो आणि दोन्ही तुकडे तिच्या स्वयंपाकघरात ठेवून सांगितलं. ती भाकरी थापत होती. ती भाकरी तव्यावर टाकून, उलटून, फुगेपर्यंत ती बोलली नाही. मग म्हणाली, “सांगितलंस ते बरं केलंस. खरं, देतानाच का नाही सांगितलंस? पडलेलं हाय म्हटलं असतंस तर त्यानं नेलं असतं की नसतं, ते त्यानं ठरवलं असतं.” भाचा दारात उभा होता. तो म्हणाला, “नेलंच असतं मी.” त्याने हे मला सोडवायला म्हटलं, ते मला कळलं. अक्का वर्षभर माझ्याशी मोजकंच बोलली. मी तिच्या जागी असतो तर तेवढंही बोललो नसतो.

भाचा आता त्याच वखारीत वजनकाट्यावर बसतो. मालकांनी काढलं नाही, पगार थोडा कमी झाला. घरात गॅसची शेगडी त्याची बायको सोडून कुणी पेटवत नाही. दूध नासलंय का ते तो चाखून बघतो. मोटरसायकल त्याने सोडलेली नाही, पण क्लच जळला किंवा टाकीच्या नळातून पेट्रोल गळायला लागलं तर त्याला कळत नाही, म्हणून तो गाडी काढायच्या आधी खाली वाकून नळ, पाइप, साखळी सगळं हाताने चाचपतो. आजोबांना त्याने फारसं पाहिलेलं नाही. फेरी मात्र तशीच मारतो.

जानेवारी २०२० पासून आमच्या गटात एक काम ठरलेलं आहे. वर्षातून एकदा, पावसाळ्याच्या आधीच्या रविवारी, कुणी कुठे जात नाही. सगळे आपापलं हेल्मेट घेऊन उद्यमबागेत येतात. ज्याचं आपटलंय तो आपण होऊन सांगतो, कधी, कुठे, कसं. टायरवरचे चार आकडे प्रत्येक जण मोठ्याने वाचतो. आरसी आणि विम्यावरचं नाव दुसऱ्याने तपासायचं, स्वतः नाही. पहिल्या वर्षी अकरा हेल्मेटं निघाली. त्यांतली चार कुणाला तरी द्यायची म्हणून घरी पुसून ठेवलेली होती: एक मुलासाठी, एक शेतावरच्या गड्यासाठी, एक दुधाच्या फेरीवर जाणाऱ्या भावासाठी, एक बायकोला मागे बसताना, कारण २०१६ पासून कर्नाटकात मागच्यालाही हेल्मेट लागतं. चौघांचाही हेतू चांगलाच होता. अकराही आम्ही कापली. आणि कुणी गाडीचं काही विचारलं आणि मला येत नसलं, तर मी “माहीत नाही, बघून सांगतो” म्हणतो. पहिल्यांदा असं म्हणताना जीभ जड झाली होती.

तुमच्या घरी खुंटीवर, माळ्यावर, गाडीच्या शेडमध्ये एखादं आपटलेलं हेल्मेट असेल तर ते कुणाला देऊ नका, भंगारवाल्यालाही अख्खं देऊ नका. लाल रंग मारा, करवतीने दोन तुकडे करा आणि मग टाका. आधीच कुणाला दिलं असेल तर आज फोन करून त्याला सांगा.